टक्

अत-बाशी सोडलं की पुलापाशी पहिल्यांदा.
टक्.
मग खडी लागते, सगळीच गाडी बडबडते, त्यात काही कळत नाही.
मग वळणावर, डावीकडे झुकताना, पुन्हा
टक्.
मागच्या सीटखाली बसून कुणी
एकाच बोटाने दार वाजवावं
आणि कोण आहे म्हटलं की गप्प व्हावं.

गाडी उआझ, माझ्याहून दोन वर्षांनी थोरली.
तोक्तोसुन याकुत्स्कला कामाला गेला तेव्हा
किल्ली माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला,
पहिला गिअर जरा हट्टी आहे, बाकी काही नाही.

मी जनावरांची डॉक्टर.
लंगडणाऱ्या घोड्याचा आधी खूर बघते, मग घोटा, मग खांदा.
दुखतं तिथंच दुखणं असतं असं नाही,
हे मी शेतकऱ्यांना दिवसातून दोनदा सांगते.
तरी आधी शॉक ॲब्सॉर्बरच बदलले. दोन्ही.
मार्चचा पगार गेला.
टक्.

मग बुश.
सातरकुल-आकेंनी जुनं रबर बोटांत फिरवलं,
चघळून थुंकल्यासारखं झालेलं.
हा बघ चोर, म्हणाले.
चोर नव्हता. फार तर साक्षीदार असेल.
टक्.

आके मागे बसले की मात्र गाडी शहाण्या मुलीसारखी चालते.
तीनदा पुलापर्यंत गेलो, तीनदा परत आलो.
ते सीटवर हात पसरून, डोळे मिटून,
शंभर किलोंचा एक कान होऊन बसलेले.
काही नाही.
चौथ्यांदा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी ताप नसलेल्या गाईच्या मालकिणीकडे पाहते.
गॅरेजात चहा दिला. साखर जरा जास्त घातली.

एकटी घरी निघाले.
टक्.
मी स्टिअरिंगवर हात आपटून मोठ्याने शिवी दिली,
रस्त्यावरचे दोन कावळे उडाले.

आठवड्याने ओरोझबाईचा मेंढा मागे घालून आणत होते,
खरूज झालेला, दुर्मुखलेला, भलताच जड.
पूल गेला. वळण गेलं.
काही नाही.
दवाखान्यात मेंढा उतरवला, तशीच मागे फिरले पुलाकडे.
टक्.
अशी आनंदाने मी कधी गाडी पळवली नव्हती.

वजन, म्हणाले आके. उठून उभेच राहिले.
ओझं असलं की दाबून धरते. रिकामी असली की बोलते.
(गाडीबद्दलच म्हणाले. तरी त्यांची बायको
दारात कणीक मळत होती, ती हसली.)

जॅक. लाकडाचा ओंडका. बर्फाच्या चिखलात पाठीवर आडवे आम्ही दोघं.
नातू नुरसेइत पाने देतो, दरवेळी चुकीच्या मापाचा.
कमानपाट्यांवरचे यू-बोल्ट अर्धा आटा सैल होते,
नुसता अर्धा, हाताला कळू नये इतका.
ते सोडवले. पाटे एकमेकांपासून सुटले, जुन्या वहीच्या
चिकटलेल्या पानांसारखे,
आणि मधल्या भोकातून
मधला बोल्ट आकेंच्या कपाळावर पडला.
अर्धाच.
बाकीचा अर्धा वरच अडकून होता.

त्यांनी तो चष्म्यापाशी धरला.
तुटल्या जागी दोन रंग.
एका कडेला चकचकीत, ताज्या चांदीसारखं,
हे या हिवाळ्यातलं.
उरलेला सगळा गंजलेला, काळपट, जुना.
हा तुझ्याकडे यायच्या आधीच तुटायला लागला होता,
दोन-तीन वर्षं तरी.

मला तोक्तोसुन आठवला,
गाडी सुरू करायच्या आधी रेडिओ सुरू करणारा,
पुलापाशी आवाज वाढवणारा.
मला वाटायचं त्याला तिथली गाणी आवडतात.

नव्या बोल्टचे ऐंशी सोम घेतले आकेंनी.
ऐकण्याचे घेतले नाहीत.
त्याचे दर ठरलेले नाहीत म्हणाले.

रात्री याकुत्स्कहून फोन आला. थंडी, कामगारांच्या खोल्या, पगार उशिरा.
गाडी कशी आहे?
बरी आहे, म्हटलं.
थोडा वेळ दोघंही लाइनवर होतो.
मग त्याने विचारलं, पुलापाशीसुद्धा?

बोल्टचे दोन तुकडे मी राखेच्या डबीत ठेवलेत.
खडीवर ते वाजतात,
आणि मी रेडिओ लावत नाही.